पट्ट्यावरची टीएमटी: बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधा ईसीजी नॉर्मल आला, तरी डॉक्टर टीएमटी (ट्रेडमिल टेस्ट) करायला का सांगतात?

झोपवून काढलेला ईसीजी हृदय आरामात असतानाचा असतो. हृदयाला रक्त पुरवणारी नळी सत्तर टक्के अरुंद झाली असली तरी आरामापुरतं रक्त तिच्यातून जातं, त्यामुळे कागदावर काही दिसत नाही. चढ लागला, मोळी उचलली, बस पकडायला पळावं लागलं की मागणी वाढते आणि पुरवठा अपुरा पडतो. तीच परिस्थिती डॉक्टरांच्या नजरेसमोर, ईसीजी चालू ठेवून मुद्दाम आणायची, म्हणजे टीएमटी. चालत्या पट्ट्यावर दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवत नेतात. ईसीजीतले बदल, नाडी, बीपी, छातीतला त्रास आणि माणूस किती वेळ टिकला, या पाच गोष्टींची नोंद होते. बहुतेक जण ‘पॉझिटिव्ह की निगेटिव्ह’ एवढंच विचारून घरी जातात. खरं तर शेवटची नोंद, म्हणजे किती वेळ टिकला, पुष्कळदा सगळ्यात जास्त सांगून जाते.

ही तपासणी कुणासाठी आहे?

ज्याला श्रमाने त्रास होतो, पण तो त्रास हृदयाचाच आहे का हे बोलण्यातून पक्कं होत नाही, त्याच्यासाठी. हे ठरवायला मशीन लागत नाही, फॅमिली डॉक्टरांच्या टेबलावरच तीन प्रश्नांत ठरतं. छातीच्या मधोमध आवळल्यासारखं, जड, दाबल्यासारखं वाटतं का? चालल्याने, चढाने किंवा रागाच्या भरात येतं का? थांबल्यावर किंवा जिभेखाली गोळी ठेवल्यावर पाच-दहा मिनिटांत जातं का? तिन्ही ‘हो’ असतील तर ते हृदयाचं दुखणं असण्याची शक्यता मोठी. दोन असतील तर शंका. एक किंवा शून्य असेल तर कारण बहुधा दुसरीकडे आहे.

आपल्याकडे लोक ‘छातीत दुखतं’ असं क्वचितच म्हणतात. ‘पित्त चढतंय’, ‘गॅस अडकलाय’, ‘दम भरतोय’, ‘डावा हात भरून येतोय’, ‘जबडा ओढतोय’ असं सांगतात. म्हणून सांगताना हात कुठे जातो ते बघावं. एका बोटाने ‘इथं टोचतंय’ म्हणून दाखवणाऱ्याचं दुखणं बहुधा बरगडीचं किंवा स्नायूचं असतं. मूठ किंवा अख्खा तळवा छातीवर ठेवून ‘असं धरतंय’ म्हणणाऱ्याला मात्र गंभीरपणे घ्यायचं. पित्ताची गोळी घेऊन बरं वाटलं, एवढ्यावरून हृदय सुटलं असं मानू नये. चढ थांबला की हृदयाचं दुखणंही आपोआप थांबतं, आणि श्रेय गोळीला मिळतं.

चांगला प्रश्न विचारायचा तर ओळखीच्या चढाचा विचारावा. येळ्ळूरचा राजहंसगड न थांबता चढता का? गेल्या वर्षी चढत होता आणि यंदा मध्ये दोनदा बसावं लागलं का? ‘यंदा’मधला हा फरक फार मोलाचा आहे.

मला काहीच त्रास नाही. चेकअप पॅकेजमध्ये टीएमटी आहे, करून घेऊ का?

आमचं स्पष्ट मत: घेऊ नका. कारण हिशोबाने दाखवतो.

टीएमटी खऱ्या आजारी माणसांपैकी साधारण ६८ टक्क्यांना पकडते आणि निरोगी माणसांपैकी साधारण ७७ टक्क्यांना बरोबर ‘ठीक’ म्हणते. हे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले सरासरी आकडे आहेत. आता समजा, काहीही त्रास नसलेल्या, कमी धोक्याच्या हजार माणसांपैकी २० जणांच्याच नळ्या खरंच अरुंद आहेत. टीएमटी त्यातले १४ पकडेल. उरलेल्या ९८० निरोगी माणसांपैकी सुमारे २२५ जणांचीही चाचणी पॉझिटिव्ह येईल. म्हणजे पॉझिटिव्हचा कागद हातात आलेल्या २३९ जणांपैकी खरे रुग्ण १४. बाकीच्यांच्या वाट्याला काळजी, पुढच्या तपासण्यांचा खर्च, आणि काहींना विनाकारण अँजिओग्राफी.

आता श्रमाने छाती धरणारी, पन्नाशीपुढची, बिडी ओढणारी हजार माणसं घ्या आणि समजा निम्म्यांना आजार आहे. इथे ४५५ पॉझिटिव्हपैकी ३४० खरे निघतात. मशीन तेच, पट्टा तोच. फक्त योग्य माणसाला पट्ट्यावर चढवलं म्हणून त्याच कागदाची किंमत वाढली. पॅकेजमधल्या टीएमटीला आमचा विरोध आहे तो यासाठी. त्या पैशात बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) नीट तपासून घ्या आणि तंबाखू सोडण्यासाठी मदत घ्या. हृदय वाचवायला त्याचा जास्त उपयोग होईल.

कुणाला पट्ट्यावर अजिबात चढवू नये?

ज्याला बसल्याजागी दुखतंय, किंवा गेल्या काही दिवसांत दुखणं वारंवार, कमी श्रमात आणि जास्त वेळ येऊ लागलंय, त्याला टीएमटीची चिठ्ठी देणं ही घोडचूक आहे. त्याला अ‍ॅडमिट करायचं असतं. हार्ट अटॅकनंतरचे पहिले दोन दिवस, पायावर सूज आणि रात्री उठून बसावं लागणारा हार्ट फेल्युअर, हृदयाच्या आवरणाची किंवा स्नायूची ताजी सूज, महाधमनी फाटल्याची शंका, फुफ्फुसात गेलेली रक्ताची गाठ, आणि चक्कर किंवा दम देणारी महाधमनीची अरुंद झडप, हे सगळे पूर्ण मनाईचे. आरामातलं बीपी २००/११० च्या वर असेल तर आधी ते खाली आणायचं, चाचणी नंतर.

झडपेचा मुद्दा जरा खुलवून सांगतो. लहानपणी सांधे सुजून ताप येऊन गेलेली, मग झडपा खराब झालेली माणसं अजून भेटतात, आणि वयाने झडप कडक झालेलीही भेटतात. छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर कर्कश आवाज, म्हणजे मर्मर, ऐकू आला तर आधी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायचा. ही पायरी गाळून सरळ पट्ट्यावर चढवलं तर माणूस पट्ट्यावरच बेशुद्ध पडू शकतो.

फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिण्याआधी काय बघावं?

ताजा बारा लीडचा ईसीजी (लीड म्हणजे हृदयाकडे बघण्याची एकेक दिशा). त्यात डावा बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयातल्या विजेच्या डाव्या वाटेत अडथळा), डब्ल्यूपीडब्ल्यू (विजेची जन्मजात आडवाट), पेसमेकरची लय, किंवा आरामातच एक मिलीमीटरपेक्षा जास्त खाली गेलेला एसटी (ईसीजीत ठोक्याच्या उंच टोकानंतर येणारा रेघेचा भाग) असेल, तर पट्ट्यावर काढलेला ईसीजी वाचता येत नाही. अशा रुग्णाला टीएमटीला पाठवणं म्हणजे त्याचे पैसे आणि दिवस दोन्ही वाया घालवणं. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तरी एसटी फसवा होतो.

हिमोग्लोबिन. हे इतक्या वेळा राहून जातं की वेगळं सांगावं लागतं. शेतात राबणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन सात असेल तर तिला चढावर धाप लागणारच, आणि ईसीजीतही एसटी खाली जाऊ शकतो. आधी रक्त वाढवा, मग त्रास उरतो का बघा. थायरॉइड वाढलेलं असेल, किंवा लघवीच्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरलेलं असेल, तरी चाचणी फसते.

चिठ्ठीत पाच गोष्टी असाव्यात: नेमका त्रास रुग्णाच्याच शब्दांत, किती श्रमाने येतो, चालू औषधं डोसासह, आरामातला ईसीजी सोबत जोडून, आणि कुठल्या प्रश्नाचं उत्तर हवंय ते. ‘टीएमटी करावी’ एवढ्या दोन शब्दांवर समोरचा डॉक्टर फक्त छापील रिपोर्ट देऊ शकतो.

गोळ्या बंद करायच्या का?

स्वतःच्या मनाने एकही नाही. उत्तर चाचणी कशासाठी आहे यावर अवलंबून आहे. आजार आहे की नाही हे ठरवायचं असेल तर मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारखे बीटा ब्लॉकर डॉक्टर साधारण दोन दिवस आधी थांबवायला सांगतात, कारण त्यांनी नाडी वाढत नाही आणि चाचणी अर्धवट राहते. डिल्टियाझेम, वेरापॅमिलचंही तसंच. पण आजार आधीच ठाऊक आहे आणि औषधांवर माणूस किती श्रम पेलतो ते बघायचं आहे, तर गोळ्या घेऊनच यायचं. बीटा ब्लॉकर एकदम तोडल्याने छातीत दुखणं उसळून येऊ शकतं, म्हणून ‘कुठली, कधीपासून थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची’ हे तिन्ही चिठ्ठीवर लिहून घ्या.

काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबही नाडी कमी करतात. डोळ्याचं औषध म्हणून ते सांगायचं राहून जातं. आणि एक संकोचाचं, पण जिवाशी गाठ असलेलं: सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलची गोळी घेतली असेल तर डॉक्टरांना एकट्याने बाजूला सांगा. पट्ट्यावर दुखलं तर जिभेखाली सॉर्बिट्रेट देण्याची वेळ येते, आणि सिल्डेनाफिलनंतर २४ तासांत, टाडालाफिलनंतर ४८ तासांत ते दिलं तर बीपी धोकादायक खाली कोसळतं.

उपाशी यायचं का? काय घालून यायचं?

रक्ताच्या तपासणीसारखं कडकडीत उपाशी नको. तीन तास आधी हलकं खा, अर्धी भाकरी किंवा दोन इडल्या पुरेत, त्यानंतर फक्त पाणी. चहा, कॉफी, बिडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री, गुटखा त्या तीन तासांत बंद. खानापूर, जांबोटीकडून पहाटेची गाडी धरून येणारे अनेक जण काहीच न खाता पोचतात आणि नंबर दुपारी लागतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन असं उपाशी राहिलात तर पट्ट्यावर साखर उतरते, घाम फुटतो, चक्कर येते, आणि ते हृदयाचं समजलं जातं. त्या दिवशीचा इन्सुलिनचा डोस आदल्या दिवशीच विचारून घ्या, आणि पट्ट्यावर चढण्याआधी बोट टोचून साखर बघून घ्या.

चप्पल चालत नाही. पट्ट्यावर चप्पल अडकून माणसं पडतात. घरातल्या कुणाचे तरी मापाचे बूट आणा. साडी नेसून पट्ट्यावर चालणं धोक्याचं आहे, म्हणून बायकांनी सलवार आणि पुढे बटणं असलेला सैल कुडता पिशवीत घालून आणावा. छाती उघडी करावी लागते, म्हणून तंत्रज्ञ बाई असाव्यात किंवा सोबतीला घरची बाई आत असावी, असं आधीच सांगा. तसं मागणं हा तुमचा हक्क आहे. पुरुषांच्या छातीवरचे केस इलेक्ट्रोडच्या जागी काढावे लागतात. आणि त्या दिवशी अंगाला खोबरेल तेल किंवा पावडर लावू नका, इलेक्ट्रोड घसरतात.

आत नेमकं काय होतं?

छातीवर दहा इलेक्ट्रोड लावतात. एरवी हातापायांना लावतात ते चार इथे खांद्याखाली आणि कमरेजवळ घेतात, नाहीतर हालचालीने ईसीजी वाचता येणार नाही. कातडी स्पिरिटने पुसून जराशी खरवडतात. हे दोन मिनिटांचं काम घाईत उरकलं तर पुढचा सगळा कागद वरखाली डुलतो. मग झोपून आणि उभ्याने एकेक ईसीजी आणि बीपी.

बहुतेक ठिकाणी ब्रूस पद्धत वापरतात. सिअ‍ॅटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी ती बसवली. पहिली तीन मिनिटं ताशी २.७ किलोमीटर वेग आणि १० टक्के चढ, म्हणजे शंभर मीटर चालल्यावर दहा मीटर वर. दुसरा टप्पा ताशी ४ किलोमीटर, १२ टक्के. तिसरा ५.५ किलोमीटर, १४ टक्के. चौथा ६.८ किलोमीटर, १६ टक्के. इथे बहुतेकांना पळावं लागतं. म्हातारी, अशक्त किंवा अटॅकमधून उठलेली व्यक्ती असेल तर सुधारित ब्रूस मागावी. तिच्यात आधी सपाटीवर आणि मग ५ टक्के चढावर तीन-तीन मिनिटं असतात.

पट्टा सुरू होताना पहिलं पाऊल टाकताच लोक दांडी घट्ट धरतात. इथेच मोठी चूक होते. दांडीवर भार टाकला की पाय कमी राबतात, मिनिटं मात्र मोजली जातात, आणि माणूस आहे त्यापेक्षा तगडा दिसतो. तोल सांभाळायला दोन बोटं दांडीवर टेकवली तर चालतं. नजर पायाकडे नको, समोर ठेवा. चाचणीआधी अर्धा मिनिट नुसतं चालायचा सराव द्यायला सांगा. आयुष्यात पहिल्यांदा पट्ट्यावर चढणाऱ्याला तो हवाच.

त्रास होऊ लागला तर तो लगेच, आपल्या भाषेत सांगायचा. सोसायचं नाही. ‘थोडंच राहिलंय, काढा’ म्हणून कुणी भरीला घातलं तरी छाती धरली असेल तर बोला.

नाडी किती वाढवतात?

२२० मधून वय वजा केलं की अंदाजे कमाल नाडी येते, आणि तिच्या ८५ टक्के हे किमान उद्दिष्ट. साठीच्या माणसाची कमाल १६०, उद्दिष्ट १३६. हा अंदाज दहा-बारा ठोक्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणूनच १३६ आल्याबरोबर पट्टा बंद करणं आम्हाला पटत नाही. माणूस बरा चालत असेल, बदल नसतील तर त्याला थकेपर्यंत चालू द्यावं. पुढच्या दोन मिनिटांत बरंच काही कळतं.

मध्येच केव्हा थांबवतात?

वरचं बीपी सुरुवातीपेक्षा १० ने खाली आलं आणि सोबत हृदयाला रक्त कमी पडल्याची चिन्हं असली, तर तात्काळ. श्रमात बीपी चढायला हवं. ते उतरतंय याचा अर्थ हृदयाचा मोठा भाग उपाशी पडलाय. दुखणं मध्यम किंवा जोराचं झालं, तोल जाऊ लागला, ओठ निळे किंवा चेहरा पांढराफटक पडला, एसटी वर उचलला गेला, हृदयाच्या खालच्या कप्प्यातून येणारी वेगवान लय टिकून राहिली, ईसीजी किंवा बीपी नीट दिसेनासं झालं, किंवा रुग्णाने ‘थांबवा’ म्हटलं, तरी थांबवायचं. शेवटच्या कारणाला पुरावा लागत नाही.

थांबल्यावर लगेच तारा काढायच्या नाहीत. किमान सहा मिनिटं, नाडी आणि ईसीजी पूर्ववत होईपर्यंत नोंद चालू ठेवायची. काहींच्या ईसीजीत बदल विश्रांतीतच दिसतो, आणि तोही तितकाच खरा असतो. घरी गेल्यावर तासभर गरम पाण्याची अंघोळ आणि तंबाखू टाळा.

जिवाला धोका असतो का?

आहे, पण थोडा. मोठ्या आकडेवारीत साधारण अडीच हजार चाचण्यांमागे एकाला अटॅक किंवा मृत्यू असं प्रमाण धरतात. योग्य निवड केलेल्या रुग्णांत ते याहून कमी असतं. म्हणून संमतीपत्रावर सही घेतात. आपल्या भागात हे पत्र बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत छापलेलं असतं. न समजता सही करू नका. ‘मराठीत वाचून सांगा’ म्हणा, ते सांगणं त्यांचं काम आहे.

रिपोर्टमध्ये काय काय वाचायचं?

एसटी आडवा किंवा खाली झुकणारा, एक मिलीमीटर किंवा जास्त खाली गेलेला, लागोपाठच्या ठोक्यांत, तर पॉझिटिव्ह. वर चढत जाणारा एसटी तेवढा विश्वासाचा नाही. फक्त खालच्या लीडमध्ये, म्हणजे दोन, तीन, एव्हीएफमध्ये बदल असेल तर शंका घ्यावी. छातीवरची व्ही-पाच लीड सगळ्यात भरवशाची. मशीन स्वतः सरासरी काढून सुबक आलेख छापतं आणि खाली ‘पॉझिटिव्ह’ लिहितं. मूळ कागद डुलत असेल तर ती सरासरीच खोटी असते. डॉक्टरांनी मूळ ठोके डोळ्यांनी पाहिले का, हे विचारायला संकोच करू नका.

मग मेट. आरामात बसलेल्या शरीराची गरज म्हणजे एक मेट. सपाटीवर रमतगमत चालायला सुमारे तीन, शेतातल्या जड कामाला सहा ते आठ लागतात. ब्रूसचा पहिला टप्पा पुरा केला की जवळपास पाच, दुसरा सात, तिसरा दहा. दहा मेट गाठणाऱ्याचं पुढचं भवितव्य चांगलं असतं, एखादी नळी अरुंद असली तरीसुद्धा. पाचही न गाठणाऱ्याची काळजी करावी, ईसीजी साफ असला तरी.

सगळं एका आकड्यात बसवायला ड्यूक गुण आहेत. चाललेल्या मिनिटांतून एसटी किती मिलीमीटर खाली गेला त्याच्या पाचपट वजा करायची. मग दुखलं नसेल तर शून्य, दुखलं पण चालता आलं तर एक, दुखण्यामुळे थांबावं लागलं तर दोन, हा आकडा चारने गुणून तोही वजा करायचा. उदाहरणार्थ सहा मिनिटं, दोन मिलीमीटर, दुखलं पण चालले: ६ वजा १० वजा ४, म्हणजे उणे ८. अधिक ५ किंवा वर असेल तर धोका कमी, उणे ११ किंवा खाली असेल तर मोठा, मधले मध्यम. मूळ अभ्यासात कमी धोक्याच्या गटातले ९९ टक्के आणि मोठ्या धोक्याच्या गटातले ७९ टक्के रुग्ण चार वर्षांनंतर जिवंत होते. हे गुण ब्रूस पद्धतीच्या मिनिटांसाठीच आहेत, दुसऱ्या पद्धतीची मिनिटं त्यात घालू नयेत.

चाचणी संपल्यावर पहिल्या मिनिटात नाडी १२ पेक्षा जास्त ठोक्यांनी उतरायला हवी. तेवढी उतरली नाही तर तीही काळजीची खूण.

पॉझिटिव्ह आली. लगेच अँजिओप्लास्टी?

नाही. पॉझिटिव्हच्या आतही फरक आहे. पहिल्याच टप्प्यात, तीन मिनिटांत, अनेक लीडमध्ये दोन मिलीमीटर बदल आणि बीपी उतरलं, तर त्याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञ आणि अँजिओग्राफी. नऊ मिनिटं चालून शेवटी एक मिलीमीटर बदल आणि दुखणं काहीच नाही, तर आधी गोळ्या, बीपी-शुगर-कोलेस्टेरॉल ताब्यात, आणि गरज वाटली तर सीटी कोरोनरी अँजिओग्राफीसारखी (सीटी स्कॅनने हृदयाच्या नळ्या बघणं) पुढची तपासणी. ‘आजच स्टेंट बसवा, उद्या सांगता येत नाही’ असं कुणी पट्ट्याशेजारी उभं राहून म्हणत असेल आणि तुम्हाला आरामात दुखत नसेल, तर रिपोर्टची प्रत घेऊन दुसरं मत घ्यायला वेळ असतो.

निगेटिव्ह आली म्हणजे निर्धास्त?

वरच्या दुसऱ्या उदाहरणातल्या हजारांपैकी ५४५ जण निगेटिव्ह आले, आणि त्यातल्या १६० जणांना आजार होता. म्हणून दुखणं ठळक हृदयाचं असेल तर निगेटिव्ह कागदावर विसंबू नये. शिवाय टीएमटी रक्ताला अडवणारा अडथळा शोधते. अटॅक पुष्कळदा नळीच्या भिंतीवरचा लहानसा, न अडवणारा चरबीचा थर फुटून तिथे रक्त गोठल्याने येतो. निगेटिव्हनंतर आठ दिवसांनी दुखलं तर ‘आत्ताच तर टीएमटी केलीय’ म्हणत घरी बसू नका.

‘इनकन्क्लुसिव्ह’ म्हणजे?

८५ टक्के नाडी गाठण्याआधी थांबावं लागलं आणि तोवर बदल नव्हता. कारण बहुधा गुडघे, बीटा ब्लॉकर किंवा भीती. ही निगेटिव्ह नव्हे. फाइलमध्ये नॉर्मल म्हणून लिहू नये.

गुडघे दुखतात, चालवत नाही. मग?

हृदयाचा वेग वाढवणाऱ्या डोब्युटामिनचं इंजेक्शन हळूहळू वाढवत इको करता येतो, किंवा औषध देऊन हृदयाचा रक्तपुरवठा दाखवणारा न्यूक्लिअर स्कॅन. सीटी कोरोनरी अँजिओग्राफीला चालावं लागत नाही, पण तिच्यात डाय (नळ्या दिसाव्यात म्हणून शिरेतून औषध) देतात, म्हणून आधी क्रिएटिनिन बघावं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने तर २०१० पासून नव्या रुग्णात निदानासाठी टीएमटी वापरू नये असंच सांगितलं आहे. आमच्या मते आपल्याकडे तिला अजून जागा आहे. ती तालुक्याच्या जवळ मिळते, स्वस्त आहे, आणि माणूस किती श्रम पेलतो हे सीटी सांगत नाही. मात्र सीटी परवडत असेल आणि शंका पक्की मिटवायची असेल, तर ती सरस आहे हे मान्य करायला हवं.

बायकांमध्ये टीएमटी चुकते असं म्हणतात.

खोट्या पॉझिटिव्हचं प्रमाण बायकांत जास्त आहे, विशेषतः पाळी चालू असलेल्या वयात. पण याचा उलटा परिणाम होतो तो अधिक वाईट: ‘बायकांची टीएमटी अशीच येते’ म्हणून खरी पॉझिटिव्हसुद्धा बाजूला पडते. पन्नाशीपुढची, मधुमेह असलेली, चढाला दम लागणारी बाई ही पुरुषाइतकीच तातडीची. तिचं दुखणं छातीत असेलच असं नाही. दम, पाठीच्या मधोमध कळ, विलक्षण थकवा, एवढंच असू शकतं. निपाणी भागात तंबाखूच्या वखारीत आणि बिडी वळण्यात आयुष्य गेलेल्या बायकांना ‘तंबाखू खाता का’ विचारलं तर ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्री त्या तंबाखूत मोजत नाहीत. मिश्रीबद्दल वेगळं विचारावं.

आमच्या गावातल्या नर्सिंग होममध्ये टीएमटी सुरू करायची आहे. काय लागेल?

मशीन सर्वात शेवटी. आधी चालू स्थितीतला डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र), त्याच खोलीत, चार्ज केलेला, रोज तपासून वहीत सही केलेला. ऑक्सिजन, सक्शन, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), अ‍ॅड्रेनलिन, अ‍ॅट्रोपिन, अ‍ॅमिओडॅरोन, अ‍ॅस्पिरिन, सॉर्बिट्रेट, शिरेतून औषध देण्याची तयारी. हृदय बंद पडल्यास छाती दाबायला शिकलेली दोन माणसं, आणि चाचणीभर तिथेच थांबणारा डॉक्टर. शेजारच्या खोलीत ओपीडी तपासत ‘काही झालं तर हाक मारा’ हे चालणार नाही.

विजेचं विसरू नका. भरवेगात वीज गेली तर पट्टा झटक्यात थांबतो आणि माणूस तोंडावर आपटतो. पट्टा आणि मॉनिटर दोन्ही यूपीएसवर हवेत. पट्ट्यामागे मोकळी जागा आणि बाजूला खाट. अथणी, रायबागच्या उन्हाळ्यात खोलीला पंखा पुरत नाही. उकाड्यात नाडी आधीच चढलेली असते आणि घामाने इलेक्ट्रोड सुटतात, म्हणून चाचण्या सकाळी घ्या किंवा एसी लावा.

निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. कुठे जावं?

चाचणीपुरतं जवळचं बरं. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव सुमारे ७५. पण पुढे अँजिओप्लास्टी लागली तर सरकारी योजना राज्यानुसार बदलते. कर्नाटकच्या कार्डावर कोल्हापुरातलं रुग्णालय घेईलच असं नाही. जाण्याआधी त्या रुग्णालयाच्या योजना खिडकीवर फोन करून, आपल्या रेशनकार्डावर चालेल का, रेफरलची चिठ्ठी कुठून लागेल, हे विचारा. जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी लागत असेल तर ती आधी घ्या, मागाहून मिळवायला फार धावपळ होते. आणि प्रत्येक चाचणीचा मूळ ईसीजी कागद स्वतःजवळ ठेवा. थर्मल कागदावरची रेघ काही महिन्यांत उडते, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स किंवा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा.

टीएमटीची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, आणि आज रात्री दुखायला लागलं तर?

तारीख विसरा. आरामात दुखणं पाच-दहा मिनिटांत गेलं नाही, किंवा घाम सुटला, किंवा उलटी आली, तर १०८ लावा आणि जवळच्या, ईसीजी असलेल्या सरकारी तालुका रुग्णालयात जा. रक्त गोठू न देणारी अ‍ॅस्पिरिन ३०० मिलीग्रॅम चावून खायची, पण अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा पोटात रक्तस्राव असेल तर नाही. कर्नाटक सरकारने २०२३ मध्ये पुनीत राजकुमार यांच्या नावाने हृदय ज्योती योजना सुरू केली. तिच्यात सहभागी रुग्णालयांत ईसीजी काढून तज्ज्ञांना पाठवतात आणि रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन मोफत देतात. आपल्या तालुका रुग्णालयात ती सोय चालू आहे का, हे आजच, धडधाकट असताना विचारून ठेवा. हे इंजेक्शन दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या बारा तासांत देतात, आणि पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा उपयोग सर्वात जास्त असतो. स्वतः मोटरसायकल चालवत जाऊ नका, आणि पायी जिना उतरू नका, खुर्चीत बसवून उतरवायला सांगा.